सातातले चार मार्क

एकोणीस वर्षं मी लोकांच्या हृदयाला हात लावला, तो जेली चोपडून आणि रबरी फुग्यांच्या सहा वाट्या छातीवर चिकटवून. त्यामुळे संपादकांचं 'वैद्यकीय सेवेतले हृदयस्पर्शी अनुभव लिहा' असं पत्र आलं तेव्हा मला हसूच आलं. खाली तळटीप होती : शेवट शक्यतो प्रेरणादायी असावा.

शेवट तसा नाही, हे आधीच सांगून टाकतो. या लेखात हमीदाचाची नावाची एक बाई आहे. तिच्या हृदयाचा जो भाग मेला, तो माझ्यामुळे मेला. आणि ती मात्र डॉक्टरांनी मला वाचवलं म्हणून सगळ्या उंब्रजला सांगत फिरते. फिरते असं म्हणायची सवय. फिरता येत नाही तिला, बसल्या जागी सांगते. सहा वर्षं मी ते ऐकून मान खाली घालतो आणि लोक म्हणतात, डॉक्टर किती विनम्र आहेत.

मी डॉक्टर आहे, पण पाटीवरचा नव्हे. सातारा-कराड हमरस्त्याला लागून एक हृदयाचं हॉस्पिटल होतं. त्याच्या पाटीवर मोठ्या डॉक्टरांचं नाव, नावापुढे पदव्यांची मालगाडी. त्या गाडीचा शेवटचा डबा मी. पदवी आयुर्वेदाची, हातात सलाइनची सुई, कागदावर सही मोठ्या डॉक्टरांसाठी. आम्हाला आरएमओ म्हणतात. पेशंट आला की पहिला भेटतो तो आरएमओ, आणि पेशंट बरा झाला की फोटोत नसतो तोही आरएमओच.

माझं काम काय, ते बाहेरच्यांना समजेल असं सांगतो. छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो. आपण कार्डिओग्राम काढतो, म्हणजे ती चौकोनांची गुलाबी पट्टी. पट्टीवरची रेघ डोंगरासारखी वर चढलेली दिसली तर प्रश्नच मिटतो. तो उघड झटका, पेशंटला पळवत आत न्यायचं. अडचण त्या लोकांची, ज्यांचा झटका अजून ठरवतोय की यायचं का नाही. हृदयाच्या नळीत गुठळी बसते, थोडी सरकते, परत बसते. दुखतं, थांबतं, परत दुखतं. पट्टी जवळजवळ सरळ. रक्ताची तपासणी पहिल्यांदा नॉर्मल येते, कारण हृदयाचा स्नायू मरायला लागल्यावर तो पदार्थ रक्तात दिसायला काही तास जातात. म्हणून तीच तपासणी परत करायची असते. असा माणूस दुपारी हसत चहा पितो आणि संध्याकाळी जातो, किंवा पुढे तीस वर्षं भांडत जगतो. यातला कुठला कोण, हे पहिल्या तासात ओळखायचं. एवढंच काम.

हे ओळखायला आमच्याकडे सात प्रश्नांचा एक कागद होता. वय पासष्टच्या वर आहे का. साखर, ब्लडप्रेशर, तंबाखू, घरात कुणाला हृदयाचा आजार, यांतलं तीन-चार काही आहे का. नळीत अडथळा असल्याचं आधी कधी निघालंय का. गेल्या आठवड्यात रक्त पातळ करायची गोळी घेतली का. एका दिवसात दोनदा किंवा जास्त वेळा दुखलं का. पट्टी बदलली आहे का. रक्तात तो पदार्थ सापडला का. प्रत्येक 'हो'ला एक मार्क. शून्य-एक-दोन मार्क पडले तर बसा, बघू. तीन-चार पडले तर मॉनिटरचा बेड, मोठ्या डॉक्टरांना फोन. त्याच्या वर पडले तर फोन करताना आवाज चढवायचा.

मार्क हा शब्द मीच रूढ केला. आमच्या भागात मार्क म्हटलं की माणूस सावध होऊन बसतो. फक्त इथे जास्त मार्क वाईट, हे काही केल्या लोकांच्या गळी उतरायचं नाही. एकाचे पाच निघाले तर त्याच्या मेव्हण्याने पेढ्यांची चौकशी केली होती.

कागद छान होता. पण आमच्या भागात तो भरायचा म्हणजे एक कसरतच. कारण प्रश्न पेशंटला विचारायचा आणि उत्तर शेजारचा देणार. बाई पेशंट असेल तर ती तोंडच उघडत नाही. मुलगा म्हणतो, आईला पित्त हाय. सून म्हणते, रातच्याला वांगं खाल्लं. जाऊबाई म्हणते, हिला आधीपास्नंच लय काळजी करायची सवय. आणि जिच्या छातीत दुखतंय ती छताकडे बघत असते.

एकदा एक निवृत्त सुभेदार स्वतः मोटारसायकल चालवत आले, गाडी स्टँडला लावली, कुलूप घातलं, आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले. कपाळावरून घाम गळत होता.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मग आलात कशाला?"

"छातीवर कोण तरी बसलंय."

"अहो, त्यालाच दुखणं म्हणतात."

"डॉक्टर, दुखणं म्हंजी गोळी लागल्याव हुतं ते. हे नुसतं वजन हाय."

"किती वेळा झालं असं?"

"सकाळधरनं पाच. पर दुखलं एकदाबी न्हाई, तसं लिवा."

दुसरे एक लोणंदचे कांद्याचे आडतदार. रक्त पातळ करायची गोळी घेता का, असं विचारलं तर म्हणाले, बायकोची घेतो. तिला डॉक्टरांनी दिली होती. तिने दोन महिने खाऊन सोडून दिली. "पाकिटं पडली हुती. औषध वाया कशाला घालवायचं?" बायकोचा एक मार्क याला द्यायचा की नाही, यावर मी आणि मंगल सिस्टर बराच वेळ वाद घालत होतो. मंगल सिस्टर म्हणजे आमच्या कॅज्युअल्टीच्या मालकीणबाई. नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलेलं नव्हतं, पण होत्या.

हे झालं कागदाचं. पण प्रत्यक्षात धोका मोजायची आमची दुसरी एक पद्धत होती, ती कुठे छापलेली नव्हती. खिडकीतून बाहेर बघायचं आणि किती गाड्या आल्या ते पाहायचं. एसटीने आला तर पेशंट चालू शकतो, सबब बाकड्यावर. माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपमधून आला तर बघू. स्वतःची चारचाकी असेल तर लवकर बघू. आणि तीन-चार चारचाकी एकापाठोपाठ वळल्या की मंगल सिस्टर न बोलता मॉनिटरच्या बेडवरची चादर बदलायला घ्यायच्या. मॉनिटरचे बेड दोनच. त्यातल्या एकाच्या वायरी कायम दुरुस्तीला गेलेल्या असायच्या. म्हणजे एक.

हमीदाचाची त्या दिवशी टेम्पोतून आली. टेम्पो पेशंटच्या वाहनांत धरायचा की मालाच्या, हे आमच्या पद्धतीत ठरलेलं नव्हतं.

ती मणेरीण. उंब्रज आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर बांगड्या भरायची. खांद्याला जाडजूड पिशवी आणि डाव्या हातावर बांगड्यांचे हार, मनगटापासून कोपरापर्यंत. माझी बायको सुनंदा श्रावणात आणि दिवाळीत तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून बांगड्या भरायची नाही. चाची हात हातात घ्यायची, अंगठा दाबून बघायची आणि माप सांगायची. गप्पा मारता मारता बांगडी हातात गेलेली असायची. एकही टिचायची नाही. मला म्हणायची, "तुमी नाडी बघता, आमी हाड बघतो. धंदा एकच की."

लग्नसराईचे दिवस होते. एका लग्नघरी नवरीचा चुडा आणि घरच्या पंचवीसेक बायकांचे हात भरून ती उठली आणि उंबऱ्यावर बसली. तिचा मुलगा सलीम महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी घेऊन सांगलीला निघाला होता. त्याला फोन गेला, त्याने आईला टेम्पोत घेतलं आणि हमरस्त्यावर जे पहिलं हॉस्पिटल दिसलं तिथे वळवलं. ते आमचं. दुपारचे बारा वाजले असतील.

"डॉक्टर, हात भरून आलाय हिचा. छातीत बी जरा," सलीम म्हणाला.

"डावा हात?"

"त्याच हातावर ओझं असतंय की आवं," चाची म्हणाली. "त्यात काय नवाल."

मंगल सिस्टरने कार्डिओग्रामसाठी बांगड्या काढायला सांगितल्या. मनगटाला चिमटे लावावे लागतात. चाचीने हात मागे घेतला. "मोकळ्या हाताची मणेरीण कुनाच्या हातात काय भरणार? काय ते वर लावा." सिस्टरने कपाळाला आठ्या घालून चिमटे बांगड्यांच्या वर, कोपराजवळ लावले. तसे लावले तरी चालतं. पट्टी चांगली येते. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

मी कागद घेतला. वय अठ्ठावन्न : शून्य. साखर, ब्लडप्रेशर, आणि बाप पन्नाशीत छातीच्या दुखण्याने गेलेला : एक. नळीचा अडथळा आधी कधी तपासलेलाच नाही : शून्य. गोळी : चालू होती, एक. किती वेळा दुखलं? सलीम म्हणाला एकदा. मी त्याला बाहेर पाठवलं आणि चाचीला परत विचारलं. ती म्हणाली, "सकाळी उठल्याव एकदा, आन लग्नघरी एकदा." एक. पट्टी : शेवटच्या तीन खान्यांत रेघ अर्ध्या छोट्या चौकोनाने खाली. अर्धा चौकोन म्हणजे अर्धा मिलिमीटर, साखरेच्या दाण्याएवढा. पण मार्क मिळायला तेवढा पुरतो. एक. रक्ताची पहिली तपासणी नॉर्मल : शून्य.

एकूण चार. मी चाचीला मॉनिटरच्या बेडवर झोपवलं, वायरी लावल्या, आणि मोठ्या डॉक्टरांना फोन करायला उठलो. इथपर्यंत मी चांगला डॉक्टर होतो. इथपर्यंतच्या भागावर संपादकांना प्रेरणादायी शेवट करता आला असता.

माझा फोन जायच्या आधी त्यांचाच आला. "सभापती निघालेत. मॉनिटरचा बेड तयार ठेवा."

"सर, बेडवर पेशंट आहे."

"ॲडजस्ट करा."

ते कशाचे सभापती होते ते मी लिहीत नाही. आमच्याकडे माणूस एकदा कशाचा तरी सभापती झाला की मरेपर्यंत सभापतीच राहतो. गाड्या मोजल्या : अकरा. पहिल्या गाडीतून सभापती स्वतःच्या पायांनी उतरले, शेवटच्या गाडीतून त्यांचा गादी-तक्क्या. आदल्या रात्री यात्रेच्या मटणावर त्यांनी अन्याय होऊ दिला नव्हता, आणि सकाळपासून पोटातला वारा त्यांच्या छातीत धरला होता. पट्टी शाळेच्या फूटपट्टीसारखी सरळ. मार्क एक, तोही वयाचा.

आता जे लिहायचं ते लिहितो. एक मार्क असलेला माणूस मॉनिटरवर आणि चार मार्क असलेली बाई बाकड्यावर, असा कागद फाइलला लावता येत नाही. उद्या कुणी बघितला तर? मोठे डॉक्टर 'ॲडजस्ट करा' म्हणाले होते; कागद बदला म्हणाले नव्हते. ते मला कुणीही सांगितलं नव्हतं. मला सहा वर्षं वाटत राहिलं की सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी चाचीचा कागद नवा घेतला. दुखणं दोनदाऐवजी एकदा. एक मार्क गेला. पट्टीच्या रकान्यात लिहिलं, 'बांगड्यांमुळे रेघ हलली असावी.' दुसरा गेला. सातातले दोन. जुना कागद चार तुकडे करून पिवळ्या पिशवीत टाकला, जिथे रक्ताचे कापूस टाकतात. मग सभापतींच्या कागदावर दोनदा दुखणं आणि नळीचा जुना अडथळा असले शब्द घालून त्यांना तीनवर नेलं. तेव्हा मी मनात म्हटलंसुद्धा, दोन मार्क इकडचे तिकडे केले, काय मोठं. आमच्या धंद्यात मागची तारीख घालणं आणि पुढचा आकडा आधी लिहून ठेवणं ही हातसफाई समजतात, लबाडी नाही. मी त्यात बऱ्यापैकी तरबेज होतो.

चाचीच्या वायरी मी स्वतः काढल्या. म्हणालो, "चाची, दोनच मार्क आहेत. धोका कमी आहे. बांगड्यांमुळे पट्टी जरा हलली होती. बाहेर बाकड्यावर बसा, तीन-चार तासांनी रक्त परत तपासू."

"बांगड्यांमुळं?" तिने हाताकडे बघितलं.

"हो."

सलीमच्या टेम्पोत स्ट्रॉबेरी पाणी सोडत होती. "दोनच मार्क म्हंजी बरंच हाय न्हवं?" त्याने विचारलं. "मग मी सांगलीला माल टाकून येऊ का?"

मी म्हणालो, "या जाऊन."

त्याने आईच्या हातात पाण्याची बाटली दिली. "आई, दोनच मार्क पडल्यात तुला. शाळंत मला बी तेवढंच पडायचं. काय न्हाई हुत." चाची हसली. तो गेला.

मग मी तीन तास सभापतींच्या सेवेत होतो. त्यांची पट्टी चार वेळा काढली, कारण प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला समक्ष दाखवावी लागायची. कुणी शहाळी आणली, कुणी हार. मॉनिटरवर हार अडकवल्यामुळे पडदा दिसेना, तो मी बाजूला केला. सभापती हिरव्या रेघेकडे कौतुकाने बघत म्हणाले, "चांगली चाललीय की रं गाडी."

चारच्या सुमारास त्यांचं रिकामं शहाळं टाकायला बाहेर आलो. हो, शहाळं मीच टाकायला निघालो होतो. जिन्याखालच्या बाकड्यावर चाची बसली होती. तिच्या मांडीवर ओढणीचा एक पदर पसरलेला, आणि त्यात बांगड्या. डाव्या हातातल्या सगळ्या काढून झाल्या होत्या. उजव्या हातातली एक-एक काढत होती, दर बांगडीला थांबत. तोंड राखेसारखं झालेलं. ओठांवर घाम.

"चाची, हे काय करताय?"

तिने वर बघितलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "काढून ठिवते. मघा पट्टी हालली म्हनला न्हवं? म्हनलं आता तरी नीट येईल."

शहाळं माझ्या हातातून पडलं. ते घरंगळत गेलं, कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी ते थांबवलं आणि माझ्याकडे बघून हसला.

पुढचं मी चांगलं केलं, असं सगळे म्हणतात. पट्टी काढली, रेघ आता डोंगरासारखी होती. तिला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. मोठे डॉक्टर सभापतींसाठी आलेलेच होते, म्हणून अर्ध्या तासात नळी उघडून स्प्रिंग बसली. सभापतींच्या अकरा गाड्यांनी मोठ्या डॉक्टरांना इमारतीत आणलं होतं, एवढं त्यांचं ऋण मान्य करतो. पण हृदयाच्या पुढच्या भागाचा स्नायू दुपारभर उपाशी होता. इको करणारे तंत्रज्ञ म्हणाले, पंप अर्ध्यावर आलाय. मोठ्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. "बाकड्यावरचा पेशंट नजरेने पकडलात. याला क्लिनिकल नजर म्हणतात."

मंगल सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. चार मार्कांचा पहिला कागद त्यांनीच क्लिपला लावला होता. त्यानंतर गाड्या वळल्या की चादर बदलायला त्या उठत नसत. मलाच उठावं लागायचं.

सलीम सांगलीहून धावत आला, माझ्या पायांवर वाकला. मी त्याला उचललं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "अहो, हे आमचं कामच आहे."

दोन वर्षांनी मी ते हॉस्पिटल सोडलं आणि उंब्रजलाच दवाखाना घातला. सर्दी, खोकला, कंबर. छातीत दुखणारा आला की पट्टी काढतो, कागद भरतो आणि स्वतः गाडीत बसवून पुढे नेतो. लोक म्हणतात डॉक्टर जरा घाबरट आहेत. चाची वाड्यांवर जायची बंद झाली. चार घरं चालली की धाप लागते. घराच्या पुढच्या खोलीत तिने बांगड्यांची मांडणी केली आणि तिथे बसली. दर दिवाळीला सलीमच्या हाती माझ्याकडे डझनभर बांगड्या येऊ लागल्या. सुनंदा त्या घालायची. भाकरी थापताना त्या वाजायच्या आणि मी उठून बाहेर जायचो. सुनंदाला वाटायचं मला भाकरीचा आवाज आवडत नाही.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी सलीमने नवा टेम्पो घेतला. हमरस्त्यावर माझ्या पुढे होता. मागच्या फळीवर पिवळ्या ऑइलपेंटने, भोवती दोन गुलाब काढून, लिहिलं होतं : 'डॉक्टरसाहेबांची कृपा'. मी ओलांडून पुढे जाऊ शकत होतो. गेलो नाही. कराडपर्यंत त्या अक्षरांच्या मागून गाडी चालवत गेलो. त्यानंतर तो टेम्पो मला आठवड्यातून तीनदा दिसायला लागला. पुलावर, पेट्रोलपंपावर, एकदा माझ्याच दवाखान्यासमोर. आणि मग संपादकांचं पत्र आलं.

लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर थांबलो. जिच्याबद्दल लिहायचं तिने हे छापून आल्यावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं, एवढा मी अजून सभापती झालेलो नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी गेलो. चाची रंगांप्रमाणे बांगड्या लावत होती. "या डॉक्टर. सुनंदाताईचं माप बदललं काय? जाड झाल्या आसतील."

मी बसलो आणि सांगितलं. सगळं, क्रमाने. सभापती, नवा कागद, पिवळी पिशवी. मध्ये एक गिऱ्हाईक आलं. चाचीने त्या मुलीला हाताने खूण करून परत पाठवलं. माझं झाल्यावर ती हिरव्या बांगड्यांचा एक हार बोटांनी फिरवत राहिली.

"म्हंजी बांगड्यांनी काय झालं नव्हतं."

"नाही."

"मी तवापास्नं सगळ्यांना सांगती, पट्टी काढायच्या आधी बांगड्या काढा. लय बायकांना सांगितलं."

तिने हार फिरवायचा थांबवला.

"किती हुते माझे?"

"चार."

"सातातले?"

"सातातले चार."

"आन तुमी दोन केले." तिने हार खाली ठेवला. "डॉक्टर, बाकड्यावर मला आजून एकदा दुखलं. मग आजून एकदा. समोर शिस्टर हुत्या, हाक मारली आसती तर आल्या आसत्या. मी मनात म्हनलं, चार-चार मार्कवाली मानसं आत पडल्याती, आपन दोन मार्काची बाई. कशाला कुनाला तरास द्यायचा." ती थांबली. धाप लागली होती. "गप बसले मी. तुमी दोन म्हनला म्हनून."

एवढी वर्षं मी समजत होतो की मी तिचा बेड काढून घेतला. हे मला माहीतच नव्हतं.

मी म्हणालो, "चाची, तुम्ही म्हणाल ते..."

"आवं, काय म्हननार? तुमी उचलून नेलं ते बी तुमीच की. हातात घेतलं तवा तुमचं हात थरथरत हुतं, ते मला कळलं हुतं. मला वाटलं वजनानं." किंचित हसली. मग म्हणाली, "सलीमला मी सांगीन. कवा सांगायचं ते मी बघीन. तुमी मधी पडू नका."

ती उठली, भिंतीला धरून आत गेली आणि हॉस्पिटलची फाइल घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर सुतळी. दुसऱ्याच पानावर माझा कागद होता. माझं अक्षर, माझी सही, 'बांगड्यांमुळे रेघ हलली असावी'.

"हे बरोबर करा."

"आता त्याचा काही उपयोग नाही, चाची."

"उपेग मी इचारला न्हाई. माझे चार हुते न्हवं? चार लिवा."

मी पेन काढलं. बांगड्यांची ओळ आडवी रेघ मारून खोडली. 'एकदा'च्या जागी 'दोनदा' लिहिलं. दोनावर काट मारून चार केले. खाली सही केली. सहीच्या शेजारी तारीख लिहायची असते. हात सवयीने सहा वर्षं मागे गेला, त्या दिवशीचा आकडा लिहायला लागला.

चाची वाकून बघत होती. तिला अक्षरं फारशी येत नाहीत, आकडे येतात.

"ती न्हाई," ती म्हणाली. "आजची घाला."

मी आजची घातली.